आधी चिंचोके, मग आकडे

आपल्या महाविद्यालयात कला शाखेला प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याला 'हीच शाखा का निवडलीस?' असे विचारले, तर पुष्कळदा उत्तर ठरलेले असते: "गणित नको म्हणून." इतिहासाची ओढ, मराठीचे प्रेम ही कारणे मागाहून येतात. दहावीचा निकाल लागला की गणिताला कायमचा रामराम ठोकायचा, हा संकल्प आपल्यापैकी अनेकांनी आठवी-नववीतच सोडलेला असतो. या भीतीचे खापर कोणी मास्तरांवर फोडतो, कोणी बीजगणितावर, तर कोणी स्वतःच्या डोक्यावर. मला मात्र वाटते की या भीतीचे मूळ त्याहून बरेच मागे, पहिलीच्या वर्गात पाऊल ठेवण्याच्याही आधीच्या दोन-तीन वर्षांत आहे. गणित हाताला कळण्याआधीच ते आपल्या तोंडी घातले गेले. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला आकडे गिरवायला लावण्याआधी वस्तू हाताळू द्याव्यात, मोजू द्याव्यात, ओवू आणि ओतू द्याव्यात. आणि हे काम शिरूर-दौंडच्या कोणत्याही वाडीवस्तीवर जवळजवळ फुकटात होऊ शकते, एवढेच या लेखात मांडायचे आहे.

शिरूर, शिक्रापूर, दौंड, केडगाव, यवत अशा गावांतून गेल्या काही वर्षांत 'नर्सरी', 'ज्युनियर', 'सीनियर' अशा पाट्या झपाट्याने वाढल्या. कुठे रांजणगावच्या कारखान्यांतली नोकरी, कुठे उसाचे बिल, कुठे कांद्याचे चार पैसे. हाती थोडे आले की पहिला विचार मुलाच्या शिक्षणाचा होतो. ही तळमळ खरी आहे. तिची थट्टा कोणी करू नये. पण शिक्षण म्हणजे काय, याची कल्पना मात्र वही भरण्यापाशी अडली आहे. पाहुणे आले की चार वर्षांच्या मुलाला पुढे उभे करायचे, "काकांना वन टू हंड्रेड म्हणून दाखव" असे सांगायचे, आणि त्याने एका दमात म्हणून दाखवले की घरादाराने कौतुकाने मान डोलवायची, हा प्रसंग कोणाला नवीन आहे?

आता याच मुलापुढे शेंगदाण्यांची वाटी ठेवा आणि म्हणा, "बाळ, मला यातले सहा दाणे दे." शंभरापर्यंत घडाघडा म्हणणारे मूल कित्येकदा मूठभर दाणे उचलून हातावर ठेवते. यात मुलाचा काही दोष नाही. म्हणणे आणि मोजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपणच विसरलो आहोत. आकड्यांचा क्रम पाठ असणे ही मोजण्याची पहिली पायरी झाली. एका वस्तूला एकच आकडा, कोणतीही वस्तू सुटायची नाही आणि कोणतीही दोनदा धरायची नाही, ही दुसरी पायरी. शेवटी उच्चारलेला आकडा हा त्या शेवटच्या दाण्याचे नाव नसून सगळ्या दाण्यांची मिळून संख्या आहे, हे उमगणे ही तिसरी पायरी. रोशेल गेलमन आणि गॅलिस्टेल या अमेरिकन अभ्यासकांनी १९७८ साली मोजण्याची जी तत्त्वे मांडली, त्यांत या तीन गोष्टी मुख्य आहेत. पहिली पायरी तोंडाने चढता येते. दुसरीला आणि तिसरीला हात लागतो. दाणा उचलून बाजूला ठेवावा लागतो.

मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ज्यां पियाजे या स्विस शास्त्रज्ञाचा प्रयोग ठाऊक असेल. समोरासमोर दोन ओळींत सारख्याच संख्येच्या वस्तू मांडायच्या. मूल म्हणते, "सारख्या आहेत." मग त्याच्या डोळ्यांदेखत एका ओळीतल्या वस्तू जरा लांब लांब सरकवायच्या. चार-पाच वर्षांचे मूल पुष्कळदा म्हणते, "आता यात जास्त आहेत." ओळ लांबली म्हणजे संख्या वाढली, असे त्याच्या डोळ्यांना दिसते. पियाजेचा या विषयावरचा ग्रंथ १९४१ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर त्याच्या निष्कर्षांवर पुष्कळ वाद झाले; प्रश्न विचारण्याची रीत बदलली की मुलांची उत्तरेही सुधारतात असे दिसून आले. पण मुख्य मुद्दा टिकून आहे. संख्येचे भान मुलाला सांगून येत नाही. वस्तू सरकवून, जमवून, वाटून, परत मोजून ते हळूहळू येते.

मराठी मुलापुढे आणखी एक अडचण असते. आपल्या भाषेत अकरापासून नव्याण्णवपर्यंत जवळजवळ प्रत्येक संख्येचे नाव निराळे पाठ करावे लागते. 'सत्तावीस' म्हणताना सात आधी येतो आणि वीस मागून. लिहिताना २ आधी आणि ७ मागून. 'एकोणतीस' मध्ये तर कानाला तीस ऐकू येतात आणि पाटीवर २९ काढायचे असतात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'सत्तावीस' बरोबर 'वीस सात' असेही वाचन दिले, तेव्हा राज्यभर केवढा गदारोळ झाला! मुलांना जोडाक्षरी नावे अवघड जातात, म्हणून ही सोय आहे, अशी बाजू गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी त्या वेळी मांडली होती. त्या वादाचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. पण ज्या मुलाने दहा-दहा तुराट्यांच्या दोन जुड्या बांधल्या आणि शेजारी सात सुट्या ठेवल्या, त्याला सत्तावीस म्हणा की वीस सात म्हणा, काहीच बिघडत नाही. त्याने सत्तावीस पाहिलेले असतात. जुडी बांधण्याचे हे काम सहाव्या-सातव्या वर्षी करायचे, पण पाचापर्यंत आणि दहापर्यंतचा पाया त्याआधी अंगणवाडीत पक्का व्हायला हवा.

गणिताइतकाच दुसरा प्रश्न हाताचा आहे. माणसाच्या मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्माच्या वेळी ती सगळी मऊ कूर्चेची असतात. मग वर्षावर्षाने एकेक हाड कठीण होऊ लागते. चार वर्षांच्या मुलात त्यांतल्या साधारण निम्म्या हाडांनाच सुरुवात झालेली असते, आणि शेवटचे हाड आठ वर्षांनंतर केव्हातरी या क्रमात येते. हाताचे बळही खांद्याकडून बोटांकडे येते. आधी खांदा, मग कोपर, मग मनगट आणि सर्वांत शेवटी बोटांची अग्रे. अशा हातात तिसऱ्या वर्षी पेन्सिल देऊन चौकटीच्या वहीत पानेच्या पाने भरायला लावणे म्हणजे वासराला नांगराला जुंपण्यासारखे आहे. मूल पेन्सिल मुठीत आवळते, कागद फाटतो, बोटे दुखतात, वर धपाटा मिळतो, आणि 'अभ्यास' या शब्दाचा मुलाच्या मनातला अर्थ त्याच दिवशी ठरून जातो.

पेन्सिल धरायला अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांची चिमूट लागते. ही चिमूट तयार करण्याची शाळा आपल्या घरांत पूर्वी आपोआप चालत असे. लग्नघरी बायका गव्हले, नखुल्या, मालत्या वळायला बसत. शेजारी बसलेली चिमुरडी पिठाची गोळी घेऊन तशीच खटपट करी. लसूण सोलणे, शेंगा फोडणे, वाती वळणे, मुगाच्या शेंगांतून दाणे काढणे, झेंडूची फुले दोऱ्यात ओवणे, पोळ्याला मातीचे बैल करणे ही सगळी बोटांची तालीमच होती. आज त्याच वयाच्या मुलाच्या हाती मोबाईल असतो आणि त्याचे एकच बोट काचेवरून सरकत राहते. घरातली माणसे कामाला गेलेली असतात, मूल शांत बसते म्हणून सोय होते, हे समजू शकते. पण चिमटीला काम न मिळता चार वर्षे गेली, तर पाचव्या वर्षी अक्षर वाईट म्हणून मुलाला बोल लावण्याचा अधिकार आपल्याला राहत नाही.

हा विचार परदेशी आहे, शहरातल्या श्रीमंतांच्या शाळांचा आहे, असे कोणी म्हणेल. आपल्याच परिसराचा इतिहास त्याच्या उलट सांगतो. जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेल याने १८३७ साली लहान मुलांसाठी शाळा काढली आणि तिला पुढे 'किंडरगार्टन' म्हणजे बालोद्यान असे नाव दिले. लोकरीचे रंगीत चेंडू, लाकडी गोल, नळकांडे, घन, आठ तुकड्यांत सुटणारा ठोकळा, कागदाच्या घड्या आणि विणकाम ही त्याची साधने. हीच पद्धत पंडिता रमाबाईंनी अमेरिकेत अभ्यासली. डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी त्या १८८६ साली तिकडे गेल्या आणि दोन वर्षे राहिल्या. १८८९ साली मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढच्याच वर्षी पुण्यास आलेल्या शारदा सदनात त्यांनी या पद्धतीचा उपयोग केला. त्यानंतर १८९६-९७ च्या दुष्काळात निराधार झालेल्या मुलींना घेऊन त्या जिथे आल्या, ते केडगाव आपल्या दौंड तालुक्यातले! तिथल्या मुक्ती सदनात विणकाम, छपाई, शेती अशी हातांची कामे शिक्षणाचा भाग होती, आणि अंध स्त्रियांनाही हाताने करायची कामे शिकवली जात. रेल्वेने पुण्याला जाता-येता आपण केडगाव स्टेशन पाहतो. बालोद्यानाची पद्धत शिकून आलेली पहिल्या पिढीतली एक मराठी बाई आयुष्याच्या शेवटापर्यंत तिथे राबली, हे किती जणांच्या ध्यानात असते?

दुसरी परंपरा मारिया माँटेसरी यांची. १९०७ साली रोमच्या एका गरीब वस्तीत त्यांनी पहिले बालगृह उघडले. ही पद्धत गुजरातेत गिजुभाई बधेका यांनी रुजवली आणि त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी महाराष्ट्रात आणली. ताराबाईंना लवकरच उमगले की परदेशी साधने खेड्याला परवडणार नाहीत. १९४५ साली बोर्डी येथे त्यांनी ग्राम बालशिक्षण केंद्र सुरू केले. त्यांना साथ द्यायला आलेल्या अनुताई वाघ या जन्माने आपल्या शेजारच्या मोरगावच्या. तेराव्या वर्षी वैधव्य आलेल्या या मुलीने पुढे सारे आयुष्य बालशिक्षणाला वाहिले. या दोघींनी शिंपले, खडे, बिया, पाने, काड्या यांचीच शैक्षणिक साधने केली. मुले शाळेत येत नाहीत असे पाहून शाळाच वस्तीतल्या अंगणात नेली, आणि 'अंगणवाडी' जन्माला आली. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तिथे कुरणशाळाही भरली. आज देशभर सरकारी कागदावर जो शब्द आहे, त्याच्यामागे या दोन मराठी स्त्रियांची पायपीट आहे.

आणि शिरूर तालुक्यातच, पाबळ येथे, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. तो थोड्या मोठ्या, शाळा सुटलेल्या मुलांसाठी होता, पण सूत्र तेच. हाताने काम करता करता बुद्धी वाढते. केडगाव, मोरगाव आणि पाबळ ही तीन गावे जवळपास असताना आपण बालशिक्षणाचा आदर्श परगावच्या चकचकीत जाहिरातीत शोधावा, याचे नवल वाटते.

प्रत्यक्षात करायचे काय, हे सांगितल्याशिवाय असले लेखन पोकळ ठरते. म्हणून थोडे तपशिलात जातो. पाच चिंचोके घ्या आणि दगडावर घासून त्यांची एक बाजू पांढरी करा. मुलाने ते ओंजळीत खुळखुळवून टाकायचे आणि पांढरे किती, काळे किती हे सांगायचे. तीन आणि दोन, चार आणि एक, पाच आणि एकही नाही. बेरीज हा शब्द न उच्चारता पाचाची सगळी फोड मुलाच्या बोटांतून जाते, आणि 'शून्य' ही अवघड कल्पनाही खेळता खेळता येते. माँटेसरींच्या लाकडी दांड्यांऐवजी तुराट्या किंवा ज्वारीची ताटे एक वीत, दोन वीत अशी चढत्या लांबीने कापून पायरीसारखी मांडता येतात. दहा वाट्यांत एकही नाही, एक, दोन, तीन असे करत नऊपर्यंत काड्या ठेवायच्या; बरोबर पंचेचाळीस काड्या लागतात. एखादी उरली किंवा कमी पडली, तर चूक कुठे झाली ते मूल स्वतः शोधते. मास्तरांनी तांबडी फुली मारण्याची गरज पडत नाही.

बाजरीच्या घमेल्यात जुनी मापे द्या. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. किलो-लिटर आले तरी बऱ्याच घरांत ही मापे अजून माळ्यावर आहेत. ओतता ओतता दुप्पट आणि निमपट ही मुलाला कळते, आणि मनगट वळवायलाही ते शिकते. भाकरीची अर्धी आणि चतकोर तर आपल्या मुलाला शाळेआधीच ठाऊक असते. तो अपूर्णांकच आहे, हे फक्त आपल्याला सुचत नाही. घोडनदीच्या किंवा भीमेच्या काठचे गोटे लहान-मोठे, जड-हलके, गुळगुळीत-खरबरीत असे निवडून वेगळे करता येतात. दौंडच्या मुलांना फाटकापाशी मालगाडी आणि पॅसेंजर यांतली लांब कोणती हे ठरवता येते. रांगोळीचे ठिपके, बिब्ब्याएवढ्या मण्यांची एक तांबडा-दोन पिवळे अशी माळ, घरातल्या माणसांना एकेक ताट मांडणे, यांतले काहीही विकत आणावे लागत नाही. खबरदारी मात्र हवी. लहान मुले बिया नाका-तोंडात घालतात, म्हणून मोठे माणूस शेजारी पाहिजे. गुंज आणि एरंड यांच्या बिया विषारी असतात. त्या कितीही सुंदर दिसल्या तरी या खेळात आणू नयेत.

यावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला पालकांचा: "हे सगळे खेळ झाले. मूल लिहायला कधी शिकणार? पुढे प्रवेश मिळायला नको का?" शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची परीक्षा घेण्यास मनाई केली आहे, हे अशा पालकांना कोणी सांगत नाही. आणि ज्याची बोटे तयार आहेत, ज्याला आठ म्हणजे किती हे कळले आहे, ते मूल आठचा आकडा काढायला फार वेळ घेत नाही. उलट न समजता गिरवलेला आकडा पुढे वर्षानुवर्षे मानगुटीवर बसतो.

दुसरा आक्षेप अंगणवाडीचा. "सेविकेला वेळ कुठे आहे?" हा आक्षेप खरा आहे. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली तेव्हा तिच्या सहा सेवांत पूर्वप्राथमिक शिक्षण ही एक होती. पण आहार, वजन, लसीकरण, नोंदवह्या आणि आता मोबाईलवर भरायची माहिती यांच्या ओझ्याखाली शिक्षणाचा तास आक्रसतो. मग गाव म्हणते, "तिथे काय, नुसती खिचडी मिळते," आणि ज्याला परवडते तो मूल उचलून नर्सरीत घालतो. मानधन आणि सन्मान यांसाठी या बायकांना डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभर संपावर जावे लागले. ज्यांच्या हाती आपण देशाची सर्वांत कोवळी मुले सोपवतो, त्यांना 'मानधन' देऊन कर्मचारी म्हणायचे टाळायचे, हा कुठला न्याय? २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा काळ हा पायाभूत टप्पा मानला, २०२२ मध्ये त्याचा आराखडाही आला, आणि त्यात खेळ व वस्तू यांवरच भर आहे. कागद उत्तम आहे. पण पायाभूत टप्प्याचा भार जिच्यावर, तिची नोकरी मात्र बिनपायाची, असे किती दिवस चालणार?

या सगळ्यात एक मूल कोणाच्याच हिशेबात नसते. दिवाळीच्या सुमारास बीड आणि नगरकडून ऊसतोडणीच्या टोळ्या भीमेच्या पट्ट्यात उतरतात. कोप्यांभोवती तीन-चार वर्षांची पोरे पाचटात खेळत असतात. गावाकडच्या अंगणवाडीतले नाव तिथेच राहते आणि इथल्या अंगणवाडीपर्यंत पाय पोचत नाहीत. पाच-सहा महिने, आणि तेही दरवर्षी, असे वाया जातात. ज्या वयात 'एकाला एक' कळायचे, ते वय फडावर सरते. या मुलाचे आई-बाप मात्र दिवसभर मोजतच असतात. मोळ्या किती झाल्या, किती उचल फिटली, किती राहिली. मोजता न येणाऱ्याला मुकादमाच्या वहीवर विश्वास ठेवावा लागतो. गणित न येण्याची किंमत कोण कशी मोजतो, हे समजून घ्यायला याहून दुसरे उदाहरण नको. कोसबाडला कुरणात शाळा भरू शकली, तर कोपीपाशी ती का भरू नये?

मित्रहो, सरकारने हे करावे असे म्हणून आपल्याला मोकळे होता येणार नाही. आपल्या महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दरवर्षी होते. रस्ते झाडणे, झाडे लावणे, पथनाट्य हे चांगलेच आहे. त्याबरोबर ज्या गावी शिबिर असेल तिथल्या प्रत्येक अंगणवाडीसाठी एक पेटी करावी. घासलेले चिंचोके, कापलेल्या तुराट्या, धुतलेले गोटे, जुने चिपटे-मापटे, बटणे आणि काज्यांची एक फळी, ओवायला मोठे मणी आणि नाडी. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी कोणत्या वयाला काय द्यावे याची टिपणे काढावीत. मराठीच्या विद्यार्थ्यांनी गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडून मोजणीची गाणी, खेळ आणि मापांची नावे उतरवून घ्यावीत. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी गाळपाच्या दिवसांत आसपासच्या तळांवर किती लहान मुले आहेत, याची मोजदाद करून ती पंचायतीपुढे ठेवावी. सेविकाताईंना शिकवण्याच्या थाटात मात्र जाऊ नये. मुले त्यांना आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असतात. त्यांना काय हवे ते विचारून मगच पेटी भरावी.

प्राध्यापक मंडळींनी या कामाला परवानगी आणि एखादा तास द्यावा, एवढीच विनंती आहे. आपल्यापैकी काही जण शिक्षक होतील, काही जणी अंगणवाडीत काम करतील आणि बहुतेक सर्वजण आई-बाप होतील. तेव्हा पुढच्या वर्षीच्या वार्षिकात कविता आणि लेखांबरोबर एका पानावर हिशेबही छापला जावा: किती पेट्या झाल्या, कोणत्या गावांत गेल्या, आणि त्यांतल्या कितींना मुलांचे हात लागले.